‘ढ’ आणि ‘डोरा’

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीवर लिहायला बसले की जगन्नाथ टेकडीच्या स्तूपापासून सुरुवात करायची, अशी रीत आहे. ती मीही पाळतो, पण माझे कारण वेगळे आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ती टेकडी खणली. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल १९७२ साली निघाला. स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्या लेखांची छायाचित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा मास्तरकीत माझी पंचवीस वर्षे झाली होती. रोज वाचत होतो, रोज वाचायला शिकवत होतो. आणि त्या दगडापुढे मला फक्त रेघा दिसल्या: काही उभ्या, काही वाकड्या, मध्येच एखादे वर्तुळ. कुठे अक्षर संपते आणि कुठे दुसरे सुरू होते तेही कळेना. कोणीतरी कधीतरी मोठ्या श्रद्धेने आपले नाव लिहिले होते, आणि मला ते लागत नव्हते.

मग ब्राह्मीचा तक्ता काढून बसलो. त्यात एकच अक्षर जुन्या ओळखीचे निघाले, ते म्हणजे ढ. दोन हजार वर्षांत बाकीची अक्षरे कुठून कुठे गेली, ढ मात्र जवळपास आहे तिथेच राहिला. शिकवूनही जो हलत नाही त्याला ‘ढ’ म्हणायचे ते यावरूनच, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. खरी असो वा नसो, गोष्ट मजेची आहे. मजा एवढीच की त्या दिवशी ढ सोडून मला काही येत नव्हते, म्हणजे त्या तक्त्यापुढचा ढ मीच होतो.

हे आठवण्याचे कारण एक मुलगा. पवनी तालुक्यातले नदीकाठचे एक गाव, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, इयत्ता तिसरी. मी निवृत्त झालो होतो. तिथल्या हेडमास्तरांनी सहज म्हटले, “गुरुजी, घरी बसून काय करता? आमच्या एकाला रोज अर्धा तास घेऊन बसा.” तो एक म्हणजे वर्गाचा ढ. धिवराचे पोर. वैनगंगेच्या पाण्यात कुठे भोवरा आहे, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर येते, आजोबांचा डोंगा कुठे बांधला तर वाहून जात नाही, हे सगळे तो नीट सांगे. पुस्तक उघडले की गप्प.

पहिला महिना मी वाया घालवला. वर्गात जे चालते तेच मी हळू आणि मोठ्याने चालवले. समोरासमोर बसायचो, पाठ उघडायचो, तो वाचायचा, चुकला की मी थांबवायचो. तीन आठवड्यांत त्याची प्रगती पाहून मी खूश झालो. अडलेल्या शब्दावर तो क्षणभर थांबे, एखादे अक्षर उच्चारे, आणि बहुतेक वेळा बरोबर शब्दावर येऊन टेके. मग एकदा माझा चष्मा खाली पडला. तो उचलायला मी वाकलो, तेव्हा त्याने ‘भाकर’ या शब्दाला ‘मासा’ म्हटले आणि पुढे गेला. त्या दिवशी उलगडा झाला की पोरगा पुस्तक वाचत नव्हता, माझे तोंड वाचत होता. चूक व्हायच्या आधी माझी भुवई हलत होती आणि बरोबर येताना मान.

बर्लिनमध्ये एक गणिती घोडा गाजला होता. क्लेव्हर हान्स त्याचे नाव. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली दाखवून दिले की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, किंवा घोड्याला तो दिसत नसला, की गणित कोसळते. घोडा माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता. लोक याचा अर्थ ‘घोडा मूर्ख निघाला’ असा घेतात. मला तो घोडा फार हुशार वाटतो. ज्याला गणित येत नाही आणि उत्तर तर द्यावेच लागते, त्याने आणखी काय करावे? माझ्या मुलानेही जगण्याची हीच विद्या कमावली होती, आणि एकट्याला घेऊन बसून मी तिला रोज अर्ध्या तासाची तालीम देत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसू लागलो. पुस्तक दोघांच्या मध्ये, तोंडे एकाच दिशेला. बदल एवढाच. पण माझा चेहरा गेल्यावर त्याच्याजवळ काय उरले ते ऐकू येऊ लागले. आणि मी प्रथमच ऐकू लागलो. तोवर फक्त दुरुस्त करत होतो.

ऐकताना पहिली गोष्ट सापडली ती ‘डोरा’. पुस्तकात डोळा, त्याच्या तोंडी डोरा. काळा तो कारा, पाणी ते पानी, फळ ते फर. वर्गातल्या वहीत या प्रत्येकाखाली लाल रेघ होती. वर्षभराच्या लाल रेघा मोजल्या तर निम्म्याहून जास्त याच जातीच्या निघाल्या. आता झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, राहणाऱ्याला हे सांगायला नको की ही चूक नाही, ही बोली आहे. झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास करणारे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हे शास्त्र म्हणून मांडले आहे: या बोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. ळ च्या जागी र येतो आणि ण च्या जागी न, तोही नियमाने. चुकीला असा नियम नसतो. मला जास्त महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. समोर ‘डोळा’ लिहिले असताना जो मुलगा ‘डोरा’ म्हणतो, त्याने तो शब्द वाचला आहे. अक्षरांवरून तो अर्थापर्यंत पोहोचला आणि अर्थ त्याच्या घरच्या शब्दात बाहेर आला. शेजारची मुलगी ‘डो-ळा’ असे खणखणीत म्हणे, तिला पूर्ण गुण. पण डोळा कुठे असतो विचारले तर ती पुस्तकाच्या चित्राकडे पाही. वाचणारा नापास आणि म्हणणारी पास, असा हा न्याय होता. तो माझ्यासकट अनेकांनी वर्षानुवर्षे केला आहे.

पण इथेच थांबलो असतो तर दुसरी चूक झाली असती, आणि आजकाल ती जास्त होते. बोलीचा शोध लागल्यावर माणसाला इतके बरे वाटते की तो सगळेच बोलीवर ढकलतो. ‘मुलात काही कमी नाही, शाळेलाच त्याची भाषा येत नाही’ हे वाक्य टाळ्या घेते. या मुलाच्या बाबतीत ते अर्धेच खरे होते. डोरा-कारा बाजूला काढल्यावरही बरेच काही उरले. धान ज्याच्या घराभोवतीच्या बांध्यांत पिकते तो ‘धान’ला ‘घान’ वाचत होता. भ आणि म ची गल्लत होती. ती त्या वयात पुष्कळांची असते, आपोआप जाते. ‘हिरवा’ लिहायला सांगितले की ‘हरिवा’ लिही. देवनागरीची ही एक खोड आहेच: ह आधी ऐकू येतो, वेलांटी नंतर, पण लिहिताना वेलांटी आधी काढायची. रफार तर त्याहून खट्याळ. ऐकू येतो एकीकडे आणि बसतो पुढच्याच्या डोक्यावर. या लिपीला आपण शास्त्रशुद्ध म्हणून मिरवतो, आणि ती आहेही, पण सात-आठ वर्षांच्या पोराला तिचे शास्त्र उलट्या बाजूने शिकावे लागते.

खरी गाठ सापडली ती पुस्तकाबाहेर. मधल्या सुट्टीत पोरे भेंड्या खेळत. गावांच्या नावांच्या भेंड्या: पवनी, नागपूर, रामटेक, कन्हान. हा सटकायचा. मला वाटले लाजतो. एकदा दोघेच असताना मी खेळायला घेतले. पवनी म्हटले, आता न वरून सांग. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “नदीवर हाय ना, पवनी?” शब्दाचा अर्थ त्याला लख्ख दिसत होता, पण शब्दाचा शेवट कानाने कापून वेगळा काढता येत नव्हता. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरते, तेही सांगता येईना. शब्द त्याला सबंध ढेकळासारखा ऐकू येई, आतले खडे वेगळे होत नसत. वाचनाच्या अडचणीचे, ज्याला आता डिसलेक्सिया म्हणतात, मूळ पुष्कळदा याच जागी असते असे अभ्यासक सांगतात. हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचाही नाही. तीस पोरांच्या गलक्यात भेंड्यांतून एक जण गळतो हे कोणाच्या लक्षात येणार? आले तरी त्याचा वाचनाशी काय संबंध, असेच कोणीही म्हटले असते.

मग आम्ही आवाज मोजू लागलो. त्याने घरून जाळ्याला, म्हणजे त्याच्या जाऱ्याला, लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. एक आवाज, एक गोळी पुढे. प-व-नी, तीन गोळ्या. न-दी, दोन. शेवटची उचल आणि ती कोणती ते सांग. गोळ्या तो खिशातच ठेवी; वर्गात बसल्यावरही खिशातून बारीक टकटक ऐकू येई. सहा आठवड्यांनी भेंड्यांत पहिले गाव दिले. ते गाव पवनी तालुक्यात नव्हते, बहुधा पृथ्वीवरही नव्हते, पण बरोबर अक्षरावरून सुरू होत होते.

घरच्यांचे म्हणणे वेगळे होते. कोणी तरी सांगितले, पोराला तपासून प्रमाणपत्र घ्या. बाप माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, पोरगा आंधरा नाही जी. डोरे चांगले हायेत त्याचे. मंग कायचा कागद?” त्याला अपंगत्वाचा शिक्का नको होता, शिवाय भंडाऱ्याला जायचे म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर आणि रोवण्याच्या दिवसांतली मजुरी बुडवायची. मी त्याला कायदा समजावून सांगितला. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की कायदा दोन तोंडांनी बोलतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता प्रथमच त्यांत आली. हा कायदा शाळांना बजावतो की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर उपाय करा. पण २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र मिळते ते आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच. त्यालाही कारण आहे: त्याआधी कोण अडखळतो आणि कोण नुसता सावकाश आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे कागद तिसरीत, आणि शब्द फोडायला शिकायचे वय पहिलीचे. महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा अशी जागा आहे. या मुलांना १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती देणारे हे राज्य, मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यासाठी तपासणी होऊ लागली. पण आपण मदतीची सुरुवात दहावीच्या टोकाकडून केली. जादा वेळ, लेखनिक, भाषेची सूट. जो तोवर शाळेत टिकला त्याला हे सगळे. नदीकाठचे पोर तोवर डोंग्यावर गेलेले असते.

बापाला मी शेवटी एवढेच म्हटले की कागद पुढे लागेल, तेव्हा नक्की घ्या. पण शेजारी बसायला कागद लागत नाही.

आता यावरचा आक्षेप, जो मीही नोकरीत असताना हिरिरीने मांडत असे. एका पोरासाठी अर्धा तास दिला तर बाकीच्यांचे काय? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग दोघांत वाटलेले. त्यात माहिती भरायची, खिचडी पाहायची, बैठकीला जायचे. एकाचा अर्धा तास म्हणजे एकोणतीस जणांकडून घेतलेला अर्धा तास. गणित बिनतोड आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: एकाबरोबर बसून जे मिळते ते त्या एकाचेच राहते.

इतिहास तसे सांगत नाही. फ्रान्समधल्या आवेरों भागात १८०० साली रानात वाढलेला एक मुलगा सापडला. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत इतार नावाचा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर पाचेक वर्षे बसला. त्याचे जेवणखाण, अंघोळ, फिरायला नेणे मादाम गेरँ नावाच्या बाई करत. इतिहासात त्यांना दोन ओळी मिळतात, आणि मला वाटते निम्मे काम त्यांचेच असावे. मुलगा बोलायला शिकला नाही. दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दाची चार सुटी अक्षरे मात्र तो जुळवू लागला आणि एकदा, जिथे दूध मिळते त्या घरी जाताना, ती खिशात घालून घेऊन गेला. इतारने स्वतःला अयशस्वी मानले. पण त्याची साधने त्याच्या शिष्याने, सेगँने, पुढे नेली, सेगँचे लिखाण मारिया माँटेसरींनी हाताने उतरवून काढले, आणि १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीतल्या बालगृहात ती साधी, निरोगी मुले वापरू लागली. तिथून धागा भावनगरला गिजुभाईंकडे, तिथून ताराबाई मोडकांकडे. १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, १९४५ ला बोर्डी, पुढे कोसबाड. अंगणात भरणारी शाळा ती अंगणवाडी. १९७५ पासून सरकारी योजनेने ते नाव देशभर नेले. आज पवनीतल्या कुठल्याही अंगणवाडीत पोर जेव्हा खरखरीत अक्षरावर बोट फिरवते, तेव्हा त्यामागे एक माणूस एका मुलाजवळ बसला होता ही गोष्ट असते.

आमच्या शाळेतही लहानसे तसेच घडले. मी हेडमास्तरांना वहीतल्या लाल रेघा दाखवल्या. त्यांनी भिंतीवर दोन रकाने आखले: ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. डोरा–डोळा. कारा–काळा. लोनी–लोणी. पोरांना हा खेळच मिळाला. आठवड्यात भिंत पुरेना. आणि काय झाले, तर ळ आणि ण शुद्धलेखनात न येणारी डझनभर पोरे ती लिहू लागली, कारण ळ हे ‘पुस्तकातले र’ आहे हे त्यांना कळले; सगळेच र नव्हेत, हेही खेळता खेळता कळले. हा उपाय मला चौतीस वर्षे चाळीस-चाळीस पोरांना शिकवून सुचला नव्हता. एका पोराजवळ बसून सुचला. म्हणून मी म्हणतो की हा अर्धा तास मुलापेक्षा मास्तरच्या शिक्षणाचा असतो, आणि मास्तर शिकला तर त्याचा वाटा एकोणतीस जणांना जातो.

मात्र तो वर्गात परत जायला हवा, मुलासकट. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतल्या मदतनिसांचा मोठा अभ्यास केला. ज्या मुलांना मदतनिसाचा सहवास जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी, असे त्यात निघाले. मदतनीस वाईट होते म्हणून नव्हे. मूल मदतनिसाकडे सोपवले गेले आणि शिक्षकाने पाठ फिरवली, म्हणून. आपल्याकडे पैसा नसल्याने हा धोका नाही, असे समजू नये. ‘ते पोरगं ना, ते गुरुजींचं आहे,’ असे दुसऱ्या शिक्षिका एकदा सहज म्हणाल्या, आणि मी चपापलो. एवढी वर्षे तो कोणाचाच नव्हता, आता माझा झाला होता. वर्गाचा अजूनही नव्हता. त्यानंतर अर्ध्या तासाचा शेवट आम्ही वर्गाच्या ताटपट्टीवर करू लागलो. दहा मिनिटे तो कोणा एकाशी जोडीने वाचे आणि मी मागे भिंतीला टेकून बसे. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हा सगळे शिक्षक रडले होते, मीही. आता वाटते, त्या सिनेमात निकुंभ सर आहेत, मूल आहे, पण बाकीचा वर्ग आणि त्याचे वेळापत्रक कुठे आहे?

माझ्याविरुद्धचा खरा मुद्दा तर मीच आहे. हा अर्धा तास आला कुठून? माझ्या पेन्शनीतून. निवृत्त माणसाला वेळ होता, गावात त्याला मान होता, म्हणून एका पोराचे भेंड्यांपर्यंत आले. जे अशा योगायोगावर चालते ते दान असते, आणि दानाची नावे दगडावर कोरतात. मुलाच्या हक्काची नोंद वेळापत्रकात व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक. राज्यात शाळांची ४,८६० समूह केंद्रे आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात शासनाने केंद्रागणिक एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची तेवढीच पदे करण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. वर्षानुवर्षे कंत्राटावर मोटारसायकल दामटत शाळा गाठणाऱ्या या लोकांना मी जवळून पाहिले आहे. आमच्या मुलासाठी गोळ्या पुढे सरकवण्याची युक्तीही मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितली. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. एक शिक्षक कितीही धावला तरी रोजचा अर्धा तास त्याच्याकडून होणार नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे पुन्हा मूल दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे. त्याचे काम वर्गशिक्षकाला शेजारी बसायला शिकवणे, आणि शासनाचे काम त्या शिक्षकाची इतर कागदपत्रे अर्ध्या तासाने कमी करणे. यातले पहिले सोपे आहे.

या वर्षी तो चौथीत आहे. परवा तपासणीला साहेब आले. वर्गातून फिरताना त्याच्यापुढे थांबले आणि पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, वाच. मी व्हरांड्यात होतो, त्याला दिसत नव्हतो. तो थोडा थांबला. खिशात टकटक झाली. मग त्याने साहेबांनाच विचारले, “घरचा सांगू का पुस्तकातला?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. पोरे हसली. हेडमास्तर भिंतीकडे बोट दाखवून समजावू लागले, तोवर तो पुढच्या ओळीवर गेला होता. तिथे ‘सूर्य’ होता. तो त्याने ‘सुरय’ वाचला, मग पुन्हा पाहिला, आणि रफारावर बोट ठेवून तिथेच थांबून राहिला.